पंचवीस वॅट, शंभर वॅट आणि तुमचा उजवा स्पीकर

नमस्कार,

स्पीकरच्या देखभालीवरच्या लेखाला तुम्ही सविस्तर आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया दिलीत. उत्तर लांबलं, म्हणून इथे वेगळं लिहितो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'छोटा ॲम्प्लिफायरसुद्धा स्पीकर जाळू शकतो' असं लिहून मी लोकांना उगीच घाबरवतोय, असं तुमचं म्हणणं. तुमचा ॲम्प २५ वॅटचा, स्पीकर १०० वॅटचे. चौपट जागा शिल्लक असताना जळणार काय? शिवाय आवाजाचं बटण तुम्ही निम्म्याच्या पुढे नेत नाही. दर महिन्याला व्हॅक्यूम क्लीनर फिरवता, त्यानेही काही झालेलं नाही. आणि वापर कमी, म्हणून झीजही कमी. आणि जाता जाता शेवटी एक ओळ: 'उजवा हल्ली जरा दबका वाटतो, पण ते वयोमानानुसार.'

माझं सगळं लक्ष त्या शेवटच्या ओळीने वेधून घेतलंय. दोन्ही स्पीकर एकाच जोडीतले, एकाच दिवशी घरात आलेले. वय झालं तर दोघांचं व्हायला हवं. एकटा उजवाच कसा म्हातारा झाला? त्याच्याकडे येतोच, पण त्याआधी वॅटचा हिशेब उरकू, कारण बहुधा उजव्याचं दुखणं त्यातूनच निघेल.

एक गोष्ट आधी मान्य. छोटा ॲम्प नुसता जोडला म्हणून कुठलाही स्पीकर जळत नाही. १०० वॅटच्या स्पीकरला कोणी आयुष्यभर दोन वॅटवर ऐकलं तरी त्याला काही होणार नाही. 'कमी पॉवर मिळाली की स्पीकर खराब होतो' ही समजूत चुकीचीच आहे, आणि माझ्या लेखातही ती नव्हती. माझा मुद्दा छोट्या ॲम्पकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा करण्याबद्दल होता.

मागच्या बाजूला छापलेले १०० वॅट हे पूर्ण पेटीचे असतात, आणि तेही संगीतासारख्या मिश्र सिग्नलसाठी. संगीतातली बहुतेक ताकद खालच्या सुरांत असते, ती पेटीतला मोठा स्पीकर, म्हणजे वूफर, पचवतो. वरचे सूर काढणाऱ्या छोट्या ट्वीटरच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा हिस्सा येणार, असं धरूनच तो बनवलेला असतो. घरगुती ट्वीटरला सलग पाच-दहा वॅट मिळत राहिले तर त्याची परीक्षाच असते. म्हणजे तुमच्या '१०० वॅट'च्या पेटीत एक घटक असा आहे ज्याची झेप दहाच्या आसपास संपते.

आता २५ वॅटचा ॲम्प तिथपर्यंत कसा पोचतो ते बघा. आठ ओहमवर २५ वॅट म्हणजे लहरीचं टोक २० व्होल्टला. त्याच्या वरची मागणी आली की ॲम्प हात वर करतो आणि लहरीचे शेंडे सपाट कापले जातात. यालाच आपण 'आवाज फाटला' म्हणतो. पूर्ण कापलेली, चौकोनी झालेली लहर २५ नाही, ५० वॅट देते. तेवढा दम ॲम्पच्या पॉवर सप्लायमध्ये असला तर. तुम्ही म्हणाल, ५० तरी १०० पेक्षा कमीच ना! बरोबर. म्हणून खरी गोम इथे नाही.

कापलेल्या लहरीतून नवी हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) तयार होतात आणि तीच ट्वीटर जाळतात, असं ठिकठिकाणी लिहिलेलं असतं. मला ते फारसं पटत नाही. ५० हर्ट्झचा बेस फाटला तर त्याचं तिसरं हार्मोनिक १५० हर्ट्झवर, पाचवं २५० वर. ती सगळी वूफरकडेच जातात, आणि वर चढावं तशी क्षीण होत जातात. खरी भानगड वेगळी आहे. बेसचे शेंडे त्या २० व्होल्टच्या छताला टेकले की बटण कितीही फिरवा, बेस वाढत नाही. ट्रेबल, म्हणजे वरचे सूर, मात्र वाढत राहतो, कारण त्याच्या डोक्यावर अजून भरपूर जागा असते. छताला डोकं टेकलेल्या उंच माणसाशेजारी एखादं पोर उभं असावं, आणि ते वाढतच जावं, तसं. बटण सहा डेसिबल पुढे गेलं की ट्वीटरकडे जाणारी पॉवर चौपट होते, दहा डेसिबलला दहापट. ऐकणाऱ्याला वाटतं, 'आवाज तर फारसा वाढला नाही', आणि तो आणखी फिरवतो.

घरात एवढ्या मोठ्याने कोण ऐकतं? अंदाज घेऊ. घरगुती स्पीकर साधारण ८७ डेसिबल संवेदनशीलतेचे असतात: एक वॅट दिला की एक मीटरवर ८७ डेसिबल. २५ वॅटला त्यात १४ ची भर, म्हणजे १०१. पण संगीतातले ठोके सरासरीच्या दहा-पंधरा डेसिबल वर उसळतात. त्यामुळे सरासरी आवाज ८५-९० च्या पुढे गेला की तबल्याचा किंवा ड्रमचा प्रत्येक जोरदार ठोका छताला आपटायला लागतो. ही काही लग्नातल्या डीजेची पातळी नव्हे, चार पाहुणे जमले की सहज गाठली जाते. त्यात कोणी बेसचं बटण पूर्ण फिरवलेलं असेल तर प्रश्नच मिटला: ते साधारण दहा डेसिबल वाढवतं, म्हणजे त्या सुरांसाठी ॲम्पकडे दहापट पॉवरची मागणी.

'निम्म्याच्या पुढे नेत नाही' यावर तर फार विसंबू नका. बटण म्हणजे पॉवरची मोजपट्टी नव्हे. सीडी प्लेयर दोन व्होल्टपर्यंत सिग्नल देतो. पूर्ण ताकद गाठायला अनेक ॲम्पना त्याच्या चौथ्या-आठव्या हिश्शाएवढाच पुरतो. बटण बारावर, म्हणजे मधोमध असताना असा ॲम्प आपली सगळी २५ वॅट देऊन बसलेला असू शकतो. पुढचा अर्धा फेरा हळू आवाजात रेकॉर्ड झालेल्या गाण्यांसाठी ठेवलेला असतो.

मग मोठा ॲम्प घ्यावा का? हात आवरता येत असेल तर जरूर, शेंडे कापले जाणार नाहीत. आवरता येत नसेल तर तोही स्पीकर जाळेल, फक्त स्वच्छ आवाजात.

हे सगळं शेवटी उष्णतेचं प्रकरण आहे. राइस आणि केलॉग या अभियंत्यांनी १९२५ साली जो हलत्या कॉइलचा (चुंबकाच्या फटीत मागेपुढे हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा) स्पीकर मांडला, त्याचा मूळ सांगाडा आजही तोच आहे, आणि त्याची अकार्यक्षमताही. ८७ डेसिबलचा स्पीकर घेतलेल्या पॉवरचा एक टक्कासुद्धा आवाजात बदलत नाही. उरलेली सगळी कॉइलमध्ये उष्णता होऊन बसते. ट्वीटरची कॉइल म्हणजे केसासारख्या बारीक तारेचं, साधारण इंचभर व्यासाचं कडं. ते तापलं की आधी चिकटवलेला गोंद सैल होतो, वेढे सुटतात, मग ते चुंबकाच्या फटीत घासतात किंवा तार तुटते. काही स्पीकरमध्ये ट्वीटरसोबत संरक्षक पीटीसी असतो, म्हणजे तापला की करंट अडवणारा छोटा भाग. भर मैफिलीत ट्रेबल गायब झाला आणि आवाज कमी केल्यावर दोन-चार मिनिटांनी परत आला, तर त्याने ट्वीटर वाचवला असं समजा आणि त्या दिवसापुरतं पुरे करा.

वूफरचं मरण वेगळं. तो तापण्याआधी बहुधा आपटतो. तोच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर कोनला, म्हणजे त्याच्या हलत्या पडद्याला, चौपट हलावं लागतं, आणि भोक असलेल्या पेटीत ठरावीक सुराच्या खाली कोनला हवेचा आधारच उरत नाही. कॉइल मागच्या लोखंडी पत्र्यावर जाऊन आपटते आणि टक्क असा कोरडा आवाज येतो. तो एकदा ऐकला की विसरत नाही. बटण ताबडतोब खाली.

आता व्हॅक्यूम क्लीनर. साफसफाईच्या बाबतीत आपण दोघं एकमेकांच्या उलट टोकाला आहोत, पण तुम्हाला वाटतं तसं नाही: माझं मत आहे की स्पीकर जितके कमी साफ कराल तितकं बरं. कोनवरच्या धुळीच्या पातळ थराने आवाजाला काही होत नाही. साफ करताना मात्र बरंच होतं. मऊ घुमटाच्या ट्वीटरवर बऱ्याचदा किंचित चिकट लेप असतो. त्यावर कपडा फिरवला की लेप निघतो, नळी धरली की घुमट बाहेर ओढला जाऊन सुरकुततो. धातूच्या घुमटाला बोट लागलं तरी पोचा पडतो. जाळी काढून तिच्यावरच काय तो व्हॅक्यूम फिरवा, लाकडी अंगाला कोरडा कपडा, आणि अगदीच राहवत नसेल तर कोनवर रंगकामाचा कोरा मऊ ब्रश, मधून कडेकडे. लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरात जाळी काढून ठेवायचीच नाही, दिसायला कितीही छान दिसो.

'वापर कमी, म्हणून झीज कमी' हे तुमचं वाक्य रबरी कडेच्या वूफरला चालेल. फोमची कडा वापरा न वापरा, दमट हवेने आणि उन्हाने दहा-वीस वर्षांत चुरा होते. बोट लावलं की चिकट कण हाताला येतात. तेवढं झालं की वाजवणं थांबवून कडा बदलून घ्यायची, कारण फाटक्या कडेवर कोन तिरका होतो आणि मग कॉइलही जाते.

आता उजवा. ॲम्प बंद करा. बंदच, नुसता आवाज शून्यावर आणून नाही. स्पीकरच्या वायरी ॲम्पच्या मागे डाव्या-उजव्या अदलाबदल करून जोडा. जोडताना वायरीची एकही सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकू देऊ नका, नाहीतर शॉर्ट होऊन ॲम्प जाईल. चालू केल्यावर दबकेपणा डावीकडे गेला, तर दोष ॲम्पचा किंवा त्याच्या आधीच्या वायरींचा. बऱ्याचदा आतल्या रिलेचे, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या स्वयंचलित स्विचचे, संपर्क काळे पडलेले असतात. उजवीकडेच राहिला, तर स्पीकर किंवा त्याची वायर.

मागे टर्मिनलच्या दोन जोड्या असतील तर त्यांना जोडणारी पितळी पट्टी आधी बघा. ती सैल झाली की ट्वीटर गप्प होऊ शकतो, आणि दुरुस्ती म्हणजे बोटांनी पेच आवळणं. पट्टी ठीक असेल तर हळू आवाजात एखादं बोलणं लावा आणि ट्वीटरपाशी कान न्या. 'स', 'श' ट्वीटरमधून यायला हवेत. डाव्याशी ताडून बघा. अगदी काही नाही, तर कॉइल गेलेली असण्याची शक्यता मोठी. येतंय पण मिणमिणतं, तर कॉइलभोवतीचा फेरोफ्लुइड (कॉइल थंड ठेवणारं चुंबकीय द्रव) सुकला असेल किंवा क्रॉसओव्हरमधला, म्हणजे सूर वूफर-ट्वीटरमध्ये वाटून देणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर उतरला असेल.

मल्टिमीटर असेल तर इथे एक फसगत टाळा. मागच्या टर्मिनलवर मीटर लावून सहा-सात ओहम दिसले म्हणून 'स्पीकर ठणठणीत' म्हणू नका. ते वूफरचे ओहम आहेत. ट्वीटरच्या रस्त्यात कपॅसिटर असतो, तो मीटरचा डीसी करंट अडवतो. ट्वीटर मेलेला असला तरी मागून मोजून कळणार नाही. त्यासाठी तो खोलावा लागतो. ॲम्पपासून स्पीकर सोडवा, पेटी आडवी करा आणि स्क्रू काढताना घुमटासमोर जाड पुठ्ठा धरा. ट्वीटरच्या मागचं चुंबक स्क्रूड्रायव्हर असा काही झटक्याने ओढतं की टोक थेट घुमटात शिरतं. चांगले ट्वीटर दुरुस्तीच्या नादात असे मेलेले आहेत. कोणती वायर कुठे होती त्याचा फोटो काढा, एक वायर सोडवा, आणि थेट ट्वीटरच्या पायांवर मोजा. आठ ओहमचा ट्वीटर असेल तर पाच ते सातच्या दरम्यान काहीतरी दिसेल. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय.

दोन्ही बाजूंचे आकडे आणि ट्वीटरच्या मागे छापलेला भाग क्रमांक इथेच खाली लिहा. बदलायचा झाला तर त्याच क्रमांकाचा शोधावा लागेल. नुसता 'आठ ओहम' बघून घेतलेला ट्वीटर त्या क्रॉसओव्हरला जुळेलच असं नाही.