आजोबा, आज फक्त आईबाप!

परवा लेकीच्या शाळेत ओपन हाऊस होतं. बायकोला रजा मिळेना, म्हणून मी गेलो. अंगात खादीचा सदरा, पायात कोल्हापुरी, केस देवाने ठेवलेत तसे. म्हणजे पांढरे. वय 47.

गेटवर वॉचमनने हात आडवा घातला.

"आजोबा, ग्रँडपॅरेंट्स डे शनवारी हाय. आज ओपन हाऊस."

"अहो, मी मुलीचा बाप आहे."

"त्येच म्हन्तो मी. मुलीला पाठवा, न्हायतर जावयाला. आज फकस्त आईबाप आत."

मी शाळेचं कार्ड पुढे केलं. त्यावरचा फोटो ज्युनिअर केजीच्या प्रवेशावेळचा. काळेभोर केस, मिशीला पीळ. त्याने कार्ड लांब धरलं, जवळ आणलं, मग माझ्या गालाला टेकवून पाहिलं.

"ह्ये जावई व्हय? चेहरा मातुर तुमच्यावर गेलाय."

"जावई माझ्यावर कसा जाईल?"

"आरं, खरंच की. म्हंजी मुलगा!"

मागे रांग लागली. एक बाई कळवळून म्हणाल्या, "काकांना बसायला द्या हो कुणीतरी." त्या माझ्याच वयाच्या असतील. त्याने लगबगीने स्टूल आणलं, वर स्वतःच्या फडक्याने पुसलं. उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं! आणि खरी चीड याची, की मी बसलो. गुडघा दुखत होता.

शेवटी लेक शोधत बाहेर आली. "बाबा, तरी मी सांगत होते, डाय कर. आणि ती करकरणारी चप्पल घालू नको."

केसांचं सोडा, चपलेचं लागलं. 2019 साली जीआय मानांकन, म्हणजे अस्सल तिथलीच असल्याचा सरकारी शिक्का, मिळालाय तिला. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटलीच्या बड्या फॅशन कंपनीने मिलानच्या रॅम्पवर तशाच चपला उतरवल्या, तेव्हा कोल्हापूरचं श्रेय चोरलं म्हणून अख्खा महाराष्ट्र खवळला होता. आमची सोसायटीही. त्याच सोसायटीतल्या दोघांनी शाळेच्या पॅसेजमध्ये माझ्या पायांकडे बघून नजर वळवली. दोघांच्याही पायात पांढरेशुभ्र स्नीकर्स.

वर्गात बाईंचा पहिला प्रश्न, "आई नाही आल्या?" मग गणिताचं सगळं सांगून झाल्यावर, "हे आईंना नक्की सांगा हं." वही तपासतो मी, पाढे घेतो मी, तापात रात्रभर पट्ट्या ठेवतो मी. पण शाळेच्या लेखी बाप म्हणजे आईला निरोप पोचवणारा माणूस. तोही म्हातारा.

आता कुणी म्हणेल, एवढं लागतंय तर कर की डाय. करीनही. मला काय हौस आहे आजोबा व्हायची? पण मध्यंतरी लेकीने कुरळे केस सरळ करून मागितले, तेव्हा जेवणाच्या ताटावर मी तासभर भाषण ठोकलं होतं. लोक काय म्हणतील याला भीक घालायची नाही, आहोत तसे दिसायचं, वगैरे. पोरीने ते शब्दन्‌शब्द लक्षात ठेवलंय. पाढे राहत नाहीत.

काल रात्री तिने तोडगा काढला. "तू डाय कर, मी स्ट्रेटनिंग करते. भाषण कॅन्सल."

मला मोह झाला. मग पार्लरमध्ये फोन करून भाव विचारला. डायची पुडी पन्नास रुपयांच्या आत येते, स्ट्रेटनिंगला चार हजार म्हणाले. भाषण कायम आहे असं मी लेकीला कळवलंय.