युटीभोवतीचा चिखल ज्वालामुखीचा नाही

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर मंगळाचा एक फोटो फिरतोय. युटी नावाचं सुमारे 18 किलोमीटरचं विवर आणि त्याभोवती पाकळ्यांसारखा पसरलेला चिखल. खाली लिहिलंय: 'उल्का पडली की कोरडा चुरा उडतो, आपलं लोणार बघा. जमिनीत बर्फ असता तर धडकेत त्याची वाफ झाली असती. म्हणून हा चिखलाचा ज्वालामुखी आहे.' मुलांना शिकवणारेही हे पुढे पाठवत आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी लोणार. ते विवर आपल्याकडच्यासारख्याच काळ्या बेसॉल्टमध्ये झालं, पण त्या खडकात गोठलेलं पाणी नव्हतं. मंगळावर मोठ्या भागात ते आहे. 2008 मध्ये फिनिक्स यानाने उत्तर ध्रुवाकडची माती जेमतेम काही सेंटिमीटर खरवडली आणि बर्फ लागला. मे महिन्यात भेगाळलेल्या वावरात धोंडा आपटला तर ढेकळं आणि फुफाटा उडतो. पावसाळ्यात त्याच वावरात आपटला तर चिखल सरकतो. युटीभोवती तेच झालं: उडालेला माल खाली पडून थांबला नाही, जमिनीलगत वाहत गेला आणि कडेला बांधासारखा साचला.

ज्वालामुखीच्या कल्पनेला सगळ्यात जड जाणारा पुरावा अक्षांशांचा आहे. मंगळाच्या विषुववृत्ताजवळ ही पसरलेल्या चिखलाची झालर साधारण 5 किलोमीटरपेक्षा मोठ्या विवरांभोवतीच दिसते. ध्रुवांकडे जावं तशी एक-दोन किलोमीटरच्या विवरांनाही दिसू लागते. विषुववृत्ताजवळ बर्फ खोल असेल, तर मोठाच आघात तिथवर पोचणार, हे सरळ आहे. चिखलाच्या ज्वालामुखीने विवराचा आकार आणि अक्षांश यांची अशी सांगड का घालावी? शिवाय युटीचा तळ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोल आहे आणि मधोमध उंचवटा आहे. मोठ्या आघातविवरांची ही ठरलेली ठेवण आहे.

काही संशोधक झालरीचं श्रेय मंगळाच्या विरळ हवेलाही देतात, आणि हवेचा थोडा हात असेलही. पण गुरूच्या गॅनिमिड या उपग्रहावर हवा जवळजवळ नाही, बर्फ भरपूर आहे, आणि तिथेही अशा झालरी आहेत. कोरड्या चंद्रावर नाहीत.

राहिली वाफ. आघाताचा जोर केंद्रापासून दूर जाताना झपाट्याने कमी होतो. अगदी मधला बर्फ वाफ होतो, त्यापलीकडचा वितळतो, आणखी बाहेरचा नुसता फुटून उडतो. 24 डिसेंबर 2021 रोजी मंगळावर एक उल्का पडली. तिचा धक्का इनसाइट यानाने नोंदवला आणि वरून घेतलेल्या फोटोंत सुमारे 150 मीटरचं नवं विवर सापडलं. त्याच्या कडेला बर्फाचे मोठमोठे ढेकूळ पडलेले स्पष्ट दिसतात.

मंगळावरच्याच कोरोलेव्ह विवरातला 1.8 किलोमीटर जाडीचा पांढराशुभ्र बर्फही काही जण याच वादात ओढतात. तो धडकेत वर आलेला नाही, थंड खोलगटात नंतर साचलेला आहे. युटीच्या चिखलाशी त्याचा संबंध नाही.