सनद मागणं ही बेअदबी नाही

रबीउल अव्वल हा प्रेषितांच्या जन्माचा महिना लागला की कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट फिरायला लागते. प्रेषित मुहम्मद (स.) रोज त्या वाटेने जायचे, ती रोज अंगावर कचरा टाकायची. एक दिवस कचरा पडला नाही म्हणून ते चौकशीला गेले, तर ती आजारी. त्यांना पाहून ती विरघळली आणि तिने इस्लाम स्वीकारला. आमच्याकडे तकरीरीत (धार्मिक भाषणात) ही गोष्ट हमखास येते, आणि हिंदू मित्रमैत्रिणीही ईदेला ती मनापासून पाठवतात. पण हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, कुठल्याही मान्य संग्रहात ती नाही. तिची सनद, म्हणजे कोणी कोणाकडून ऐकलं याची साखळी, कमजोर आहे असंही नाही, मुळात सनदच नाही.

हे बोललं की माणसं दुखावतात. "संदेश चांगलाय ना, मग बिघडलं काय?" बिघडतं. जो जाणूनबुजून माझ्या नावावर खोटं खपवेल त्याने आपलं ठिकाण आगीत समजावं, ही प्रेषितांची हदीस इतक्या सहाबांकडून (त्यांच्या सोबत्यांकडून) आली आहे की तिच्याबद्दल वादच नाही. चांगल्या हेतूने खपवलं तर चालेल, अशी सवलत तिच्यात कुठे आहे? जुने हदीस-अभ्यासक अब्दुल्लाह इब्न मुबारक म्हणायचे, सनद हा दीनचाच (धर्माचाच) भाग आहे. ती नसती तर ज्याच्या मनात जे आलं ते त्याने सांगितलं असतं.

मक्केजवळच्या ताइफ शहराची घटनाच बघा. प्रेषितांच्या पत्नी आयेशा (र.) त्यांना विचारतात, उहुदच्या लढाईपेक्षा कठीण दिवस तुमच्यावर कधी आला का? प्रेषित सांगतात, ताइफच्या सरदाराने माझं आवाहन नाकारलं, मी दुःखात चालत राहिलो, भान आलं ते कर्न अस-सआलिब या ठिकाणी पोचल्यावर. तिथे पर्वतांचा फरिश्ता विचारतो, या लोकांवर डोंगर उलथवू का? ते म्हणतात, नको. यांच्या पुढच्या पिढ्यांत अल्लाहची उपासना करणारे निघतील अशी मला आशा आहे. सर्वात मान्य हदीस-संग्रह करणाऱ्या इमाम बुखारींना हे अब्दुल्लाह बिन यूसुफ यांनी सांगितलं, त्यांना इब्न वहब यांनी, त्यांना यूनुस यांनी, त्यांना इब्न शिहाब जुहरी यांनी, त्यांना उरवा यांनी. उरवा म्हणजे आयेशांच्या बहिणीचा, अस्मांचा मुलगा. यातला प्रत्येक रावी (सांगणारा) कोणाला भेटला, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो खरं बोलणारा होता का, हे सगळं तपासून नोंदवलेलं आहे.

आता त्याच ताइफची ती काळीज हलवणारी दुआ: "हे अल्लाह, माझ्या दुर्बलतेचं गाऱ्हाणं तुझ्याकडेच." इब्न इसहाक (मृत्यू हिजरी 150 च्या सुमारास) यांच्या सीरतमध्ये (प्रेषितांच्या चरित्रात) ती सनदेविना आहे. तबरानी यांच्या हदीस-संग्रहात सनद मिळते, पण तिथे इब्न इसहाक 'अमुककडून' एवढंच म्हणतात, 'मी स्वतः ऐकलं' म्हणत नाहीत, आणि मधलं नाव गाळण्याबद्दल ते ओळखले जायचे. म्हणून अनेक मुहद्दिस (हदीस-तज्ज्ञ) तिला जईफ (कमजोर) म्हणतात. मी ती दुआ आजही मागते. प्रेषितांचे शब्द म्हणून मात्र कोणाला सांगत नाही.

जईफ म्हणजे सगळं फेकून द्या, असं माझं म्हणणं नाही. लष्कर कुठल्या वाटेने गेलं, कुठे मुक्काम पडला, यासाठी जुन्या आलिमांनीही (धर्मविद्वानांनीही) हात सैल सोडला होता. हलाल-हरामचा प्रश्न आला की इमाम अहमद बिन हंबल काटेकोर व्हायचे, एरवी एवढे नाही.

मला खरी बोचणारी गोष्ट वेगळी आहे. काबाजवळ प्रेषित सजद्यात (जमिनीवर कपाळ टेकवून) असताना उकबा बिन अबी मुऐतने त्यांच्या पाठीवर उंटिणीची घाण आणून टाकली, मक्केतल्या कुरैश टोळीचे लोक हसत राहिले, आणि त्यांच्या लहानग्या मुलीने, फातिमांनी (र.), येऊन ती दूर केली. हे बुखारीत आहे. त्यानंतर त्यांनी त्या लोकांची नावं घेऊन बद्दुआ केली (शाप दिला), हेही तिथेच आहे. म्हातारीच्या गोष्टीतल्या माणसाला काही लागतच नाही. सहीह रिवायतींतल्या (खात्रीच्या कथनांतल्या) माणसाला लागतं, तो चिडतो, आणि तरीही ताइफवर डोंगर पडू देत नाही. मला तोच हवा आहे.

मुलांना मग काय सांगायचं, असं आया विचारतात. प्रेषितांची सेवा करणारा एक यहुदी मुलगा आजारी पडला. ते त्याच्या घरी गेले, उशाशी बसले, आणि त्याला इस्लाम स्वीकारायला सांगितलं. मुलाने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "अबुल कासिमचं (म्हणजे प्रेषितांचं) ऐक." मुलाने ऐकलं. सहाबी अनस (र.) यांची रिवायत आहे, बुखारीत. हीच सांगा.