मोटारीनं हवा धरली

मोटारीनं हवा धरली की आमच्या बिल्डिंगमध्ये मी बादल्या घेऊन जिना चढतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. कृष्णामाईचं कौतुक असं की २०१९ ला ती न बोलावता सांगलीकरांच्या घरात शिरली, एरवी मात्र बोलावून तिसऱ्या मजल्यावर येत नाही.

परवा सहाव्या खेपेला जिन्यातच बसकण मारली, तर नववीतली लेक पुस्तक घेऊन हजर. "बाबा, झाडाला मोटार नसते, माहितीय?"

"मग पाणी वर कोण नेतं? वॉचमन?"

"पानं ओढतात. छिद्रांतनं वाफ उडाली की मागचं पाणी वर सरकतं. पाण्याचे रेणू एकमेकांना सोडतच नाहीत."

डिक्सन आणि जोली या दोन शास्त्रज्ञांनी हे १८९४ मध्येच मांडलं होतं म्हणे. वर पंप ठेवून कितीही ओढलं तरी पाणी दहाएक मीटरच्या पलीकडं येत नाही. कॅलिफोर्नियातलं रेडवुडचं झाड मात्र ते ११५ मीटरवर नेतं, आणि वर मेंटेनन्सही मागत नाही.

"आणि पाणी नेणाऱ्या जलवाहिनीच्या पेशी मेलेल्या असतात."

हे मला पुराव्याशिवाय पटलं. सहा खेपांनंतर माझं चाललं होतं ते त्याच दिशेनं.

हवा झाडाच्या नळीतही शिरते. उन्हाळ्यात ओढ फार वाढली की धार मध्येच तुटते, बुडबुडा अडकतो. पण झाड मेकॅनिकची वाट बघत बसत नाही, पाणी शेजारच्या नळीतनं वळसा घालून पुढं जातं. आमच्या शेजारच्यांनी मात्र टाकीला कुलूप घातलंय.

खाली जाणारा माल वेगळ्या वाटेनं जातो. पानात तयार झालेली साखर रसवाहिनीतनं मुळांपर्यंत पोचते, आणि या पेशी जिवंत असतात. आमच्याकडची रसवाहिनी म्हणजे धाकटा चिरंजीव. आई तळमजल्यावर राहते, स्वयंपाक वर होतो, डबा घेऊन हा उतरतो. त्या दिवशी दीड तासानं आईचा फोन, "अरे, आज उपास हाय का काय माझा?"

थालीपिठं पहिल्या मजल्यावरच्या मित्रांनी संपवली होती.

तासगावचा मामा हेच काम पैसे मोजून करून घेतो. द्राक्षवेलीच्या खोडाची बारीक गोल साल काढायची, त्याला गर्डलिंग म्हणतात. रसवाहिनी सालीत असते, ती तुटली की साखर खाली उतरत नाही, घडातच थांबते आणि मणी फुगतात. पाण्याची वाट आतल्या लाकडात असल्यामुळं वेल वाळत नाही. काही आठवड्यांत जखम भरून येते. तोवर मुळांनी साठवणीवर भागवायचं. आईनं शिळ्या भाकरीवर भागवलं, पण मुळं इतकं बोलत नसावीत.

सकाळी लेकीची पांढरी गुलछडी निळी झाली होती. रात्री दांडा शाईच्या पाण्यात ठेवला, एवढंच. नळ मात्र कोरडाच.

"बाबा, टाकीत शाई टाकली तर पाणी नेमकं कुणाकडं जातं ते कळेल."

"गप बस," म्हणालो आणि बाटली वरच्या फळीवर ठेवली. मग दुसऱ्या मजल्यावरची ती चोरून जोडलेली मोटार आठवली. बाटली पुन्हा खाली काढली, हाताला येईल अशी ठेवली.