महाग बॅग म्हणजे नैतिक बॅग? नाही हो

सध्या नागपूरच्या बऱ्याच ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरून राहिला आहे, तुम्हालाही आलाच असेल. त्यात म्हटलंय की लक्झरी ब्रँड हेच खरं सस्टेनेबल: किंमत जास्त म्हणून कारागिराला मोबदला चांगला, माल मोजकाच बनतो म्हणून वाया जात नाही, कच्चा माल नैसर्गिक, वस्तू वीस वर्षं टिकते, आणि पर्यावरणाचा सत्यानाश करतात ते स्वस्त कपडे घेणारे सामान्य लोक. मी धरमपेठेत शिवणकाम आणि अल्टरेशन करते, दिवसभर कपड्यांची आतली बाजूच बघत असते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी मोबदला. जून २०२४ मध्ये इटलीतल्या मिलानच्या कोर्टाने डिओर या फ्रेंच लक्झरी ब्रँडच्या बॅगा बनवून घेणारी कंपनी देखरेखीखाली आणली. तपासात काय निघालं, तर दुकानात २,६०० युरोला जाणारी बॅग, आणि ती जोडून-शिवून देण्याचे वर्कशॉपला मिळत होते ५३ युरो. चामड्याचा खर्च वेगळा, मान्य, पण मजुरीच्या नावाने एवढेच. कामगार वर्कशॉपमध्येच झोपत होते, विजेच्या वापरावरून दिसलं की रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही काम चालू, आणि हात भरभर चालावा म्हणून मशीनवरची सेफ्टीची साधनं काढून टाकलेली. आणि हे इटलीत, 'मेड इन इटली'चा शिक्का मारून. दोनच महिने आधी अरमानीच्या एका कंपनीवरही असाच आदेश झाला होता. डिओरवरची देखरेख फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली, कंपनीने पुरवठादारांची तपासणी सुधारली म्हणून, हेही सांगायला पाहिजे. पण ती सुधारणा कोर्टाने कान धरल्यावर झाली, २,६०० युरो तर गिऱ्हाईक आधीपासूनच मोजत होतं.

माल वाया जात नाही म्हणे. बर्बेरी या ब्रिटिश लक्झरी ब्रँडने २०१७-१८ या एका आर्थिक वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केला, हे त्यांच्याच वार्षिक अहवालात होतं. स्वस्तात काढला तर ब्रँडचा भाव उतरतो, हे त्यामागचं गणित. बोंबाबोंब झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी हे बंद करतो म्हणून जाहीर केलं. पुढे फ्रान्सने असा माल नष्ट करण्याविरुद्ध कायदा केला, आणि युरोपियन युनियनने तर मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे-चपला नष्ट करायला १९ जुलै २०२६ पासून बंदी ठरवली. वाया जातच नसतं तर कायदा कशाला लागला असता?

आता नैसर्गिक कच्चा माल. हा मुद्दा विदर्भातल्या माणसाने तरी डोळे मिटून फॉरवर्ड करू नये, कारण कापूसही नैसर्गिकच आहे, आणि २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात त्याच कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीस-एक शेतकरी-शेतमजूर गेले. भावाचं बघा. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, म्हणजे किलोला ८१. सरकी काढली की रुई उरते साधारण तिसरा हिस्सा. एका टी-शर्टला पाव किलो रुई धरली तर पाऊण किलो कापूस झाला, म्हणजे शेतकऱ्याच्या हातात साठ रुपये, त्यातच बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी सगळं. तो टी-शर्ट सीताबर्डीच्या फुटपाथवर विकला तरी साठ आणि मोठ्या ब्रँडचा लोगो लावून काचेच्या दुकानात विकला तरी साठच. लोकरीचीही तीच कथा: २०२४ मध्ये ब्लूमबर्गने छापलं होतं की लोरो पियाना या इटालियन लक्झरी ब्रँडचं व्हिकुन्या या प्राण्याच्या लोकरीचं स्वेटर ९,००० डॉलरला जातं आणि तेवढ्या लोकरीचे पेरूतल्या लुकानास गावाला मिळतात २८० डॉलर.

टिकण्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तो मी मानते. चांगली शिवण टिकतेच. पण ती किमतीवरून ओळखता येत नाही, कपडा उलटा करून बघावा लागतो. शिवणीत माया, म्हणजे आतलं जादा कापड, किती सोडलं आहे, अस्तर कशाचं आहे, बाही खोलून परत बसवता येईल का. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या महागड्या गाऊनपैकी कितीतरी आतून-बाहेरून पॉलिस्टर, लेबलवरच लिहिलेलं असतं, आणि माया ओव्हरलॉकने इतकी कापलेली की अर्धा इंच सैल करायची सोय नाही. त्यापेक्षा आपली भंडारा-नागभीडकडची हातमागाची तसर करवत काठी साडी घ्या, तीन धोटे चालवून विणलेली, रफू करून वर्षानुवर्षं नेसतात बाया.

आणि शेवटची ती ओळ, सामान्य माणूस पर्यावरणाचं वाटोळं करतो म्हणून. माझ्याकडे घरकाम करणाऱ्या बाया येतात, त्या ब्लाऊज शिवतानाच सांगतात ताई माया जास्त ठेवा, अंग भरलं की उसवून घेतात, मग तोच ब्लाऊज पोरीच्या मापाचा करून घेतात, आणि साडी विरली की गोधडीत जाते. एवढं वापरून घेणाऱ्या बाईला कपाटात न वापरलेल्या बॅगा ठेवणाऱ्यांनी दोष द्यायचा? बाकी मुद्दे नाही पटले तरी चालेल, पण पुढे पाठवताना तेवढी ओळ तरी काढा.