अहिल्याबाईंना आरक्षण कुठे लागलं होतं?

अहिल्योत्सवाचे दिवस आले की आमच्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर पालखीच्या फोटोंबरोबर एक मेसेजही फिरू लागतो. यंदा तो मला तीनदा आला, त्यातला एक सख्ख्या काकांकडून, खाली दोन नमस्कारांसह. मेसेज असा: "अहिल्याबाईंना आरक्षण कुठे लागलं होतं? सुमित्राताई आठ वेळा निवडून आल्या, त्या काय कोट्यातून? आरक्षणाने देशाला फक्त पार्षदपती दिले. आपल्याकडे बायकांना पहिल्या दिवसापासून मत आहे, अमेरिकेलाही हे जमलं नव्हतं. मत देताना बाई, जात, भाषा बघू नका, लायकी बघा." (आमच्याकडे पार्षद म्हणजे नगरसेवक, आणि पार्षदपती म्हणजे नगरसेविकेच्या नावावर कारभार करणारा तिचा नवरा.)

ग्रुपवर चारचौघांत काकांना उलट उत्तर देणं आमच्या घरात बसत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

पहिल्या वाक्यापासून घेऊ, कारण बाकीचा मेसेज त्याच्याच खांद्यावर बसलाय. १७६६ मध्ये अहिल्याबाईंचे सासरे, सुभेदार मल्हारराव होळकर गेले. त्यांचा मुलगा, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान खंडेराव, त्याच्या बारा वर्षं आधीच कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले होते. गादी नातवाकडे, मालेरावाकडे गेली आणि वर्षभरात तोही गेला. होळकरांच्या दौलतीचा कारभार अहिल्याबाईंइतका कळणारं माणूस तेव्हा घरात नव्हतं. मल्हाररावांनी तो त्यांना शिकवला होता, मोहिमेवरून पत्रं लिहून तोफांची कामंसुद्धा सांगितली होती. तरी दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचं म्हणणं काय होतं? एखादं मूल दत्तक घ्या. म्हणजे मूल गादीवर आणि दौलत दिवाणांच्या हातात. राघोबादादा फौज घेऊन माळव्यात उतरले. बाईंनी इतर सरदारांना पत्रं घातली, लढायची तयारी केली, आणि पुण्याहून माधवराव पेशव्यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला तेव्हा कुठे ते प्रकरण मिटलं.

काका, कर्तृत्व होतंच, त्यावर वादच नाही. पण ते दाखवायला जागा कशामुळे मिळाली? त्या सुभेदारांच्या सून होत्या, सासऱ्याने शिकवलेल्या होत्या, आणि पेशवा त्यांच्या बाजूने उभा राहिला. त्यांच्या माहेरी, चौंडीला, शेजारच्या घरात तितक्याच हुशारीची दुसरी मुलगी असती तर तिचं नावही आपल्याला कळलं नसतं. कारण त्या काळात सत्तेच्या जागा आधीच राखीव होत्या. घराण्यासाठी होत्या, आणि घराण्यातही मुलग्यांसाठी.

आणखी एक गोष्ट आपण पालखीत विसरतो. एवढं सगळं होऊनही सुभेदारीची वस्त्रं, म्हणजे त्या पदाची मानाची नेमणूक, मिळाली तुकोजी होळकरांना. फौज त्यांच्याकडे, मोहिमा त्यांच्याकडे. महेश्वरात बसून कारभार ओढला बाईंनी, १७९५ पर्यंत. आज आपण पार्षदपतीला हसतो, तिथे पाटी बाईची आणि खुर्ची नवऱ्याची असते. अठराव्या शतकात काम बाईचं होतं आणि वस्त्रं पुरुषाची.

त्याच घराण्यातली तुळसाबाई मात्र कुणाच्या मेसेजमध्ये येत नाही. यशवंतराव होळकरांमागे त्यांच्या लहानग्या मुलाच्या नावाने (त्याचंही नाव मल्हाररावच) ती कारभार बघत होती. तिच्या कारभाराबद्दल चांगलं लिहिणारे फार सापडत नाहीत, मीही तिची वकिली करणार नाही. पण डिसेंबर १८१७ मध्ये, महिदपूरच्या लढाईच्या आदल्या दिवशी, तिच्याच फौजेतल्या लोकांनी तिचा शिरच्छेद केला आणि देह क्षिप्रेत टाकला. अहिल्याबाई जाऊन तेव्हा बावीस वर्षं झाली होती. एका थोर बाईमुळे पुढच्या बाईची वाट सोपी झाली असती, तर निदान त्याच दौलतीत तरी झाली असती.

आता ताई. इंदुरात नुसतं "ताई" म्हटलं की सुमित्रा महाजनच. १९८९ मध्ये त्यांनी माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री प्रकाशचंद्र सेठी यांना हरवलं आणि २०१९ पर्यंत ही जागा सोडली नाही. शेवटची पाच वर्षं लोकसभेच्या अध्यक्ष. चिपळूणची लेक, इंदूरची सून, आणि एकट्या मराठी मतांवर इथे कुणी खासदार होत नाही हेही खरं. हे सगळं मान्य करून एवढंच विचारते: ताईंच्या आधी इंदूरमधून लोकसभेत किती बायका गेल्या? एकही नाही. नंतर? अजून तरी नाही. १९५२ पासूनची यादी काढून बघा, बाईचं नाव एकच. नियम दाखवायला एक नाव पुरतं का? आणि ताईंची सुरुवात कुठून झाली? नगर निगममधून, खासदार होण्याआधी त्या शहराच्या उपमहापौर होत्या. पहिली पायरी वॉर्डाची असते, आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून बायकांसाठी जागा राखल्या त्या नेमक्या याच पायरीवर. वरच्या मजल्यावर, लोकसभेत, २०२४ मध्ये ५४३ पैकी ७४ बायका निवडून आल्या. कुठलंही आरक्षण नसताना, निव्वळ "लायकी" बघून, हा आकडा आला बरं का.

पार्षदपतीचा मुद्दा मेसेजमधला सगळ्यात खरा, म्हणून त्यावर जरा थांबते. मी स्वतः अनुभवलंय. आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं म्हणून पार्षदबाईंच्या घरी गेले, तर बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान. "मॅडम अंदर हैं, आप भैया को बता दीजिए." मॅडम पडद्यामागून चहा पाठवत होत्या. लेटरहेडवर नाव त्यांचं, सही त्यांची, मोबाइल नंबर भैयांचा. खेड्यांत तर त्याहून पुढची मजल आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच राज्यात, सागर आणि दमोह जिल्ह्यांत, निवडून आलेल्या बायकांऐवजी घरच्या पुरुषांनी शपथ घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. शपथसुद्धा!

पण काका, यात दोष कुणाचा? खुर्ची बाईला मिळाली आणि नवऱ्याने ओढून घेतली. चोरी झाली म्हणून तिजोरी मोडीत काढा, असं आपण एरवी म्हणत नाही. आणि सगळ्याच बाहुल्या असतात का, याचा शोध लोकांनी घेतलेला आहे. पश्चिम बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर, या दोन जिल्ह्यांतल्या पंचायतींवर राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरपंचपद बाईसाठी राखीव असलेल्या गावांत पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालेलं दिसलं, दोन्हीकडे. कुठल्या गावाची जागा राखीव होणार हे कुणी निवडलेलं नव्हतं, त्यामुळे ती गावं मुळातच सुधारलेली होती असंही म्हणता येत नाही. निर्णय खरंच सगळे नवरेच घेत असते, तर हा फरक दिसलाच नसता. पाणी कोण भरतं, हे घरात कुणाला सांगायला नको.

मुंबई महापालिकेचं उदाहरण तर मला जास्तच पटतं. तिथे वॉर्ड चिठ्ठी टाकून राखीव होतात आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा खुले होऊ शकतात. राखीवपणा उठल्यावर काय होतं, हे रिखिल भावनानी यांनी तपासलं. आधी राखीव असलेल्या वॉर्डात, जागा खुली झाल्यावरही, बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. एकदा निवडून आलेल्या बाईला लोक ओळखू लागतात, ती पुन्हा उभी राहते, पक्षालाही कळतं की हिला तिकीट दिलं तर जागा हातची जात नाही. बाहुल्यांना हे जमत नसतं.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. वॉर्ड पाच वर्षांनी फिरतो. बाई काम शिकते तोवर वॉर्ड खुला, आणि तिकीट पुन्हा भैयांना. यावर मेसेज काढा, मी स्वतः तीन ग्रुपांवर पाठवीन.

"पहिल्या दिवसापासून मत." हे वाक्य खरं आहे आणि त्याचा अभिमान मलाही आहे. स्वित्झर्लंडच्या बायकांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळालं १९७१ मध्ये. अमेरिकेत १९२० मध्ये, आणि दक्षिणेतल्या काळ्या बायकांना प्रत्यक्षात बहुतेक १९६५ च्या मतदान हक्क कायद्यानंतरच. पण आपल्याकडे त्या पहिल्या दिवशी काय झालं तेही ऐका. पहिल्या निवडणुकीची यादी करताना लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नावाशिवाय नोंद नको असं ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायका यादीतून गळाल्या. ज्या राज्यांत हे सगळ्यात जास्त झालं, त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान यांच्याबरोबर मध्य भारत होता. मध्य भारत म्हणजे आपणच, काका. इंदूर तेव्हा त्याची उन्हाळी राजधानी होती. मत मिळालं होतं, पण ते द्यायला जाणारीला नाव नव्हतं. त्या २८ लाखांत आपल्याही घरातली कुणी असेल का, हे विचारायला आता आजी नाही.

राहिली लायकी. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसाने मत द्यायचं तर वाचनाची परीक्षा द्यावी लागे, आणि तो पास की नापास हे ठरवणारा अधिकारी गोरा असे. तीही म्हणे लायकीच होती. उलट स्वीडनमध्ये सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९९३ मध्ये ठरवलं की उमेदवारांच्या यादीत एक बाई, एक पुरुष असंच चालायचं. पुढे संशोधकांनी आकडे तपासले तर त्या पक्षातल्या पुरुषांचीच सरासरी गुणवत्ता वाढलेली निघाली. बायका आल्यावर जे गेले ते मुख्यतः मध्यम कुवतीचे पुरुष होते. या निष्कर्षावर आमच्याकडचे किती भैया झोप घालवतील, कोण जाणे.

आणि "ओळख बघू नका" हे तर आपल्या राज्यात एका गावाने करूनही दाखवलं. कटनीने २००० च्या सुमारास कमला जान या किन्नराला महापौर केलं. मोठमोठ्या पक्षांचे उमेदवार समोर असताना लोकांनी काम करील असं वाटलेलं माणूस निवडलं. जागा बायकांसाठी राखीव होती; कोर्टाने सांगितलं की कायद्याने त्या पुरुष आहेत, आणि निवडणूक रद्द झाली. स्वतःचं लिंग स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०१४ मध्ये. आरक्षणाचा नियमही कसा माणूस बघत नाही याचं हे उदाहरण आहे, आणि ते लपवायचं मला कारण नाही. पण मतदाराने ओळख बाजूला ठेवली म्हणून ती नाहीशी होत नाही, हेही यातच दिसतं.

आपण तरी कुठे बाजूला ठेवतो? तिकिटवाटपाच्या दिवसांत याच ग्रुपवर "इंदुरात एवढे मराठी, आणि तिकीट एकही नाही?" असा मेसेज आला होता. खाली नमस्कार दोनच होते, आणि पाठवणारेही तुम्हीच होता. तेव्हा मी अंगठा दिला होता, कारण मागणी रास्त वाटली. आपण नसलो की आपलं कुणी ऐकत नाही, हेच तर तुम्ही म्हणत होता.

२०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांत एकतृतीयांश जागा बायकांसाठी राखण्याची घटनादुरुस्ती झाली. लोकसभेत विरोधात फक्त दोन मतं पडली. मात्र जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावरच ती लागू होईल, अशी दुहेरी कडी तिला तेव्हा घातली होती. पहिलं विधेयक १९९६ चं होतं. एवढी वर्षं हाच मेसेज वेगवेगळ्या तोंडांनी फिरत होता.

तर काका, पुढच्या अहिल्योत्सवाला तो पाठवायचाच असेल तर पाठवा. फक्त पहिल्या वाक्याखाली एक ओळ घाला: सुभेदारीची वस्त्रं तुकोजींना मिळाली होती.