पालथे पडण्याचा छंद

रानातल्या अळंबीचे जवळून छायाचित्र घ्यायचे असेल तर माणसाला चिखलात पालथे पडावे लागते, कारण तिचे खरे रूप छत्रीच्या वर नसून खाली, पातळ पडद्यांच्या ओळींत दडलेले असते. हे रानात फिरायला येणाऱ्या इतरांना कोणी सांगत नाही. परवा मी असाच पडलेलो असताना डोक्यावरून आवाज आला, “अहो, चक्कर आली का?”

समोर कुजलेल्या ओंडक्यावर जेमतेम ५ मिलिमीटर टोपीची अळंबी होती. वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटवायची म्हटले की लेन्सचे छिद्र एफ/८ इतके बारीक केले तरी जेमतेम १ मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. म्हणून फोकस कणाकणाने सरकवत अनेक फ्रेम घ्यायच्या आणि मागाहून संगणकावर जोडायच्या. या काळात अळंबीने, वाऱ्याने आणि जवळपासच्या मनुष्यमात्राने हलायचे नसते.

“फोटो काढतोय,” मी मान न वळवता म्हणालो.

“हिचा? विषारी असते ही.”

“मी खात नाहीये.”

“नुसता हात लावला तरी चढते.”

चढत नाही, विषारी अळंबीसुद्धा सहसा पोटात गेल्यावाचून बाधत नाही. पण अळंबी दिसली की लोकांना विषाखेरीज दुसरे काही सुचतच नाही. मोराचा फोटो काढणाऱ्याला ‘हा खाल्ला तर चालतो का’ असे कोणी विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मी त्यांना सांगितले की ही वनस्पतीसुद्धा नव्हे, १९६९ मध्ये व्हिटाकर या शास्त्रज्ञांनी सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या तेव्हा बुरशीला त्यांत स्वतंत्र स्थान दिले. गृहस्थांनी हे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे झाडच ना?” एवढे बोलून त्यांनी बुटाची नाडी बांधण्यासाठी त्याच ओंडक्यावर पाय ठेवला. अळंबी डोलू लागली आणि अर्ध्यावर आलेली मालिका वाया गेली.

मग त्यांनी मोबाईल काढला, एका हाताने धरला, वाकल्यासारखे केले आणि बटण दाबले. “हे बघा.” टोपी, देठ, मागचे शेवाळ, सगळे लख्ख! मोबाईलचा सेन्सर इवलासा आणि लेन्सची नाभीय लांबी अगदी कमी, त्यामुळे त्याला स्पष्टतेची खोली आयतीच जास्त मिळते, आणि विज्ञान अशा माणसाच्या बाजूने असावे हे मला अजून सहन होत नाही.

“तुमचा कॅमेरा जुना असेल,” ते समजुतीच्या सुरात म्हणाले, आणि मूळ किती खोल गेले आहे हे पाहण्यासाठी त्यांनी काठीचे टोक अळंबीखाली घातले. ती आडवी झाली. अळंबीला मूळ नसते. ओंडक्याच्या आत पसरलेल्या कवकजालाचे, म्हणजे बुरशीच्या तंतूंच्या जाळ्याचे, ते केवळ फळ असते. जाल शाबूत असल्याने नवी अळंबी उगवेल असे जाणकार म्हणतील, पण ती माझ्या मालिकेतली पुढची फ्रेम द्यायला उगवणार नाही.

“नंबर द्या, पाठवतो,” ते म्हणाले, आणि मी मुकाट्याने दिला. त्यांचा फोटो संध्याकाळी आला. अळंबी अप्रतिम आली आहे, आणि तिच्या मागे चिखलाने माखलेली माझी विजारही तितकीच स्पष्ट आहे.